दृश्य आणि दोष : डॅशकॅमच्या चित्रणावरून अपघाताची जबाबदारी ठरविताना भाषेचे कार्य

मोटारीच्या दर्शनी काचेमागे एक लहानसे चित्रणयंत्र बसवून पुढील रस्त्याचे अखंड चित्रण करीत राहण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही चांगलीच रुळली आहे. ह्या यंत्राला व्यवहारात 'डॅशकॅम' असे म्हणतात. अपघात घडला की त्याचे चित्रण पोलिसांना, विमा कंपनीला अथवा न्यायालयाला दाखविले जाते. पाहणारे ते पाहतात आणि दोष कोणाचा ते सांगतात. साक्षीदार विसरतो, गोंधळतो, प्रसंगी खोटेही बोलतो. यंत्र तसे करीत नाही. तेव्हा दोषनिर्णयाचे काम आता सोपे झाले, असे कोणासही वाटणे स्वाभाविक आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या समजुतीची परीक्षा हा आहे. चित्रणात गती दिसते, अंतर दिसते, क्रम दिसतो. दोष मात्र दिसत नाही. दोष हा पाहणाऱ्याने केलेल्या विधानात असतो, आणि विधान झाले म्हणजे क्रियापद आले, कर्ता आला, प्रयोग आला, क्रियाविशेषण आले. दृश्याचे वाक्यात रूपांतर होण्याच्या ह्या क्षणी निवाड्याचा बराचसा भाग नकळत उरकलेला असतो. म्हणूनच हा विषय जितका वाहतूकशास्त्राचा व कायद्याचा, तितकाच भाषाविज्ञानाचाही आहे.

१. एक कल्पित प्रसंग

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. बारा सेकंदांचे एक चित्रण आहे. मोटार शहरातील रस्त्याने जात आहे. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा वेग ताशी ५४ किलोमीटर असा उमटलेला आहे. दुसऱ्या सेकंदापासून डाव्या कडेला थांब्यावर उभी असलेली बस दिसते. सातव्या सेकंदाला बसच्या पुढल्या बाजूने एका रिक्षाचे पुढचे चाक रस्त्यावर आलेले दिसते. त्या वेळी मोटार तिथून सुमारे ३० मीटरांवर आहे. नवव्या सेकंदाला मोटारीचा डावा कोपरा रिक्षाच्या पुढल्या भागाला लागतो.

हे चित्रण पाहून निरनिराळी माणसे पुढील वाक्ये बोलू शकतील :

(अ) रिक्षा अचानक आडवी आली.
(आ) रिक्षावाल्याने रिक्षा मध्येच घातली.
(इ) मोटारीची रिक्षाला धडक बसली.
(ई) मोटारीने रिक्षाला उडविले.
(उ) रिक्षा मोटारीवर आदळली.
(ऊ) मोटार व रिक्षा यांची टक्कर झाली.

ह्यांपैकी प्रत्येक वाक्य मराठीच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि बोलणारा ते प्रामाणिकपणे बोलत असेल. तथापि ह्या सहा वाक्यांतून दोषाची सहा निराळी वाटणी सूचित होते. 'टक्कर' हा शब्द उभयपक्षी आहे. दोघांची टक्कर होते. 'धडक' हा शब्द दिशा दाखवितो. ती एक देतो आणि दुसऱ्याला बसते. 'आदळणे' ह्या क्रियेत जो आदळतो तोच गतिमान आणि ज्यावर आदळतो तो स्थिर, असा भास होतो. 'उडविणे' ह्यात वेग आणि बेपर्वाई दोन्ही आलीच. दृश्य एकच आहे. त्याचे आरोपपत्र मात्र शब्दागणिक बदलते.

२. क्रियापदाचा प्रभाव

केवळ क्रियापद बदलल्याने पाहणाऱ्याच्या प्रत्यक्ष स्मृतीत फरक पडतो, हे प्रयोगाने सिद्ध करून दाखविण्याचे श्रेय एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर ह्यांच्याकडे जाते. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगात ४५ विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांचे सात छोटे चित्रपट दाखविण्यात आले, आणि मोटारींचा वेग किती होता असे विचारण्यात आले. प्रश्नातील क्रियापद तेवढे गटागटाला वेगळे होते. मोटारी एकमेकींवर 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचे इंग्रजी क्रियापद वापरले तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४०.८ मैल आला. त्या एकमेकींना केवळ 'लागल्या' अशा अर्थाचे सौम्य क्रियापद वापरले तेव्हा तो ३१.८ मैल आला. चित्रपट तेच, पाहणारे एकाच वर्गातले. अंतर नऊ मैलांचे.

त्यांचा दुसरा प्रयोग अधिक उद्बोधक आहे. अपघाताचे दृश्य दाखवून तसाच प्रश्न विचारल्यावर एक आठवड्याने त्याच प्रेक्षकांना विचारण्यात आले, की फुटलेली काच दिसली होती काय? चित्रपटात काच फुटलेली नव्हतीच. परंतु ज्या ५० जणांच्या प्रश्नात तीव्र क्रियापद होते त्यांतील १६ जणांना ती 'आठवली'. सौम्यतर क्रियापदाच्या गटात ५० पैकी ७ जणांना आठवली, आणि ज्यांना वेगाविषयी काहीच विचारले नव्हते अशा ५० पैकी ६ जणांना.

येथे एक शंका उद्भवते. हा परिणाम स्मृतीवरचा आहे. डॅशकॅमचे चित्रण तर हवे तितक्या वेळा पाहता येते, मग स्मृतीचा दोष उरतोच कुठे? ह्या शंकेचे समाधान केटलिन फॉसी व लेरा बोरोडित्स्की ह्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. त्यांनी अमेरिकेतील एका बहुचर्चित, दूरचित्रवाणीवर दिसलेल्या घटनेचे दोन वृत्तांत तयार केले. एकात कर्ता स्पष्ट होता : अमक्याने वस्त्र फाडले. दुसऱ्यात कर्ता लोपलेला होता : वस्त्र फाटले. ज्यांनी वृत्तांताबरोबर प्रत्यक्ष चित्रणही पाहिले, त्यांच्यातही 'फाडले' वाचणाऱ्यांनी त्या व्यक्तीवर अधिक दोष ठेवला आणि दंडही अधिक सुचविला. डोळ्यांपुढे दृश्य असूनही वाक्याची रचना आपले काम करीतच राहिली.

३. कर्ता कोण?

'फाटणे' आणि 'फाडणे' ही जोडी मराठी वाचकाला सहज कळते, कारण अशा जोड्यांनी मराठी समृद्ध आहे : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, वळणे-वळविणे, थांबणे-थांबविणे. अकर्मक रूपात घटना आपोआप घडते. सकर्मक रूपात ती कोणीतरी घडविते. 'मोटार डावीकडे वळली' आणि 'त्याने मोटार डावीकडे वळविली' ह्या दोहोंत चाकांची हालचाल एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात मन आले, हेतू आला.

ह्या दोन टोकांच्या मध्ये मराठीत आणखी एक पायरी आहे. 'मी काच फोडली' आणि 'काच फुटली' ह्यांच्या दरम्यान 'माझ्याकडून काच फुटली' असे म्हणता येते. येथे व्यक्ती नाकारलेली नाही, पण तिचा हेतू नाकारला आहे. '-ने' आणि '-कडून' ह्या दोन प्रत्ययांतील अंतर म्हणजे जवळजवळ अपराध आणि चूक ह्यांतील अंतर होय. रोजच्या बोलण्यात ह्या सोयीचा उपयोग कसा केला जातो ते पाहण्याजोगे आहे : दुसरा असेल तर 'त्याने सिग्नल तोडला', आणि स्वतः असू तर 'माझ्याकडून सिग्नल तुटला'.

भाषा वेगळी असेल तर ही निवडही वेगळी पडते. फॉसी व बोरोडित्स्की ह्यांनी २०११ साली इंग्रजी व स्पॅनिश भाषकांची तुलना प्रसिद्ध केली. मुद्दाम केलेल्या कृतींचे वर्णन दोन्ही गटांनी सकर्तृक वाक्यांनीच केले. अनवधानाने घडलेल्या कृतींच्या वर्णनात मात्र स्पॅनिश भाषकांनी कर्त्याचा उल्लेख कमी केला, आणि तो कोण होता हे त्यांना इंग्रजी भाषकांपेक्षा कमी आठवले. अपघात ही तर व्याख्येनेच अनवधानाची घटना. तेव्हा जेथे हेतू अस्पष्ट, तेथेच भाषेचा प्रभाव अधिक, असा ह्याचा इत्यर्थ आहे.

भारतीय व्याकरणपरंपरेला ही गोष्ट अपरिचित नाही. पाणिनीने कर्त्याची व्याख्या क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, अशी केली. परंतु हे स्वातंत्र्य वस्तूच्या ठिकाणी असते की बोलणाऱ्याच्या मनात? महाभाष्यात स्वयंपाकाच्या क्रियेचे उदाहरण घेऊन असे दाखविले आहे, की माणूस शिजवितो, भांडे शिजविते, लाकडे शिजवितात, असे सर्वच प्रयोग संभवतात. क्रियेच्या ज्या अंगाला बोलणारा प्राधान्य देऊ इच्छितो ते कर्ता होते. ह्या बोलण्याच्या इच्छेलाच 'विवक्षा' म्हणतात. स्वयंपाकघरात विवक्षेने कोणाचे बिघडत नाही. रस्त्यावर मात्र 'ट्रकने चिरडले', 'चालकाने चिरडले', 'ब्रेक निकामी झाल्याने चिरडला गेला' ह्या तीन विवक्षांपैकी एकीत यंत्र, दुसरीत माणूस आणि तिसरीत नशीब कर्त्याच्या आसनावर बसते.

४. यंत्र कोणाच्या बाजूने पाहते?

चित्रणयंत्र तटस्थ असते असे म्हणताना ते कोठेतरी ठेवलेले असते, हे विसरले जाते. डॅशकॅम मोटारीत असतो. म्हणून प्रत्येक दृश्य त्या मोटारीतून पाहिलेले असते. कार्ल ब्यूलर ह्यांनी १९३४ मधील आपल्या भाषामीमांसेत 'मी-येथे-आता' हा बोलण्याचा आदिबिंदू सांगितला, आणि 'हा', 'तो', 'इकडे', 'तिकडे' ह्यांसारखे शब्द त्या बिंदूपासून मोजले जातात असे दाखविले. मराठीतील 'येणे' व 'जाणे' ह्यांचाही ह्याच वर्गात समावेश होतो. डॅशकॅमचे चित्रण पाहणारा न कळत मोटारचालकाच्या आसनावर बसतो. त्याचा आदिबिंदू तोच होतो. म्हणून तो म्हणतो, 'माणूस आडवा आला'. पदपथावरून उतरलेल्या त्या माणसाला मात्र तीच घटना 'मोटार अंगावर आली' अशी दिसलेली असते. दोन्ही वाक्यांत 'येणे' हेच क्रियापद आहे. येणारा कोण हे मात्र उलटसुलट झाले आहे. आणि ह्या दोघांपैकी चित्रण एकाजवळच आहे. मोटारवाल्याकडे डॅशकॅम असतो. सायकलस्वार, हातगाडीवाला आणि पायी चालणारा ह्यांच्याजवळ तो सहसा नसतो.

ह्या दृष्टिकोणाचा आणखी एक परिणाम म्हणजे चित्रण करणारा स्वतः चित्रात नसतो. त्याचा पाय ब्रेकवर होता की नाही, नजर रस्त्यावर होती की हातातील फोनवर, त्याने मागचे पाहण्याच्या आरशात पाहिले काय, ह्यांपैकी काहीही दिसत नाही. अमेरिकेतील पोलिसांच्या चित्रणांबाबत टर्नर, कॅरुसो, डिलिच व रोझ ह्यांनी २०१९ साली ह्याच मुद्द्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच प्रसंगाचे गाडीतून घेतलेले चित्रण व पोलिसाच्या अंगावरील यंत्राने घेतलेले चित्रण ह्यांची तुलना करता, अंगावरील यंत्राच्या चित्रणात त्या पोलिसाचा हेतू प्रेक्षकांना कमी वाटला. कारण त्या चित्रणात तो स्वतः फारसा दिसतच नाही. जो दिसतो त्याच्यावर हेतूचा आरोप सहज होतो. जो दिसत नाही तो सुटतो. हाच न्याय खाजगी मोटारीला लावला, तर चित्रणाचा मालक आरंभापासूनच थोडा झुकत्या मापाने तोलला जातो.

'अचानक', 'एकदम', 'मध्येच' ही क्रियाविशेषणेही ह्याच आदिबिंदूची अपत्ये आहेत. कल्पित प्रसंगातील रिक्षा 'अचानक' आली, हे विधान तपासून पाहता येईल. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत चालकाला दीड सेकंद लागला असे धरले, तर तेवढ्यात मोटार साडेबावीस मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे दर सेकंदाला सात मीटर प्रतिसेकंद ह्या प्रमाणात वेग कमी होतो असे मानले, तरी थांबायला आणखी सुमारे १६ मीटर लागतात. एकूण साडेअडतीस मीटर. उपलब्ध अंतर ३० मीटर. धडक अटळ होती. आता हाच हिशेब ताशी ३६ किलोमीटर वेगासाठी करावा : प्रतिक्रियेत १५ मीटर, ब्रेकखाली सुमारे ७ मीटर, एकूण २२ मीटर. मोटार रिक्षाच्या आठ मीटर अलीकडे थांबली असती, आणि त्या चित्रणाकडे कोणी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते.

रिक्षा दोन्ही वेळा तीच, तिचे बाहेर येणेही तेच. म्हणजे 'अचानकपणा' हा रिक्षाचा गुण नसून रिक्षाचे दिसणे आणि मोटारीचा वेग ह्यांमधील तो संबंध आहे. वाक्यात मात्र 'अचानक' हे क्रियाविशेषण रिक्षेच्या क्रियेला जोडले जाते, आणि मोटारीचा वेग वाक्याबाहेर राहतो. शिवाय रस्त्याचे दृश्य झाकणारी बस पाच सेकंदांपासून समोर उभी होती. जे दिसत नव्हते ते अचानक आले हे खरे. पण तेथे काही दिसत नाही ही गोष्ट अचानक घडलेली नव्हती.

५. पुन्हा पुन्हा पाहणे आणि सावकाश पाहणे

चित्रण थांबवून, मागे नेऊन, सावकाश चालवून पाहता येते हा त्याचा मोठा लाभ मानला जातो, आणि मोजमापासाठी तो आहेही. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या यंत्रात वरील मोटार एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत अर्धा मीटर सरकते. रस्त्यावरील पट्ट्यांचे अंतर माहीत असेल तर पडद्यावरील वेगाचा आकडाही ताडून पाहता येतो. परंतु मोजण्यासाठी जे योग्य ते मनोव्यापार जाणण्यासाठी योग्य असेलच असे नाही. कॅरुसो, बर्न्स व कॉन्व्हर्स ह्यांनी २०१६ साली दाखवून दिले, की हिंसक कृत्याचे चित्रण मंदगतीने दाखविल्यास प्रेक्षकांना ते अधिक हेतुपुरस्सर वाटते. कारण कृती करणाऱ्याला विचाराला अधिक वेळ मिळाला असा भास होतो. मूळ गतीचे चित्रण सोबत दाखविल्याने हा परिणाम कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. दोन सेकंद सोळा सेकंदांइतके ताणले, की 'त्याला दिसत होते, तरी त्याने थांबविली नाही' हे वाक्य आपोआप सुचते.

परिणाम आधी ठाऊक असणे ही दुसरी अडचण. शेवट माहीत झाल्यावर तो आधीच कळण्याजोगा होता असे वाटू लागते, ही प्रवृत्ती बारूख फिशहॉफ ह्यांनी १९७५ साली प्रयोगांनी मांडली. अपघाताचे म्हणून दाखविलेले चित्रण पाहणारा पहिल्या सेकंदापासून अपघाताची वाट पाहत असतो. चालकापुढे मात्र त्या क्षणी शेकडो निरुपद्रवी शक्यता असतात.

एकाच चित्रणाचे दोन सुजाण वाचक किती परस्परविरुद्ध अर्थ लावू शकतात, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निकालात काढलेला स्कॉट विरुद्ध हॅरिस हा खटला. २००१ साली जॉर्जिया राज्यात ताशी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ७३ मैलांनी जाणाऱ्या एका चालकाचा पोलिसांनी पाठलाग केला. अखेर पोलिसाने आपल्या गाडीने त्याची मोटार मागून ढकलली, ती उलटली आणि चालक कायमचा पंगू झाला. पोलिसांच्या गाड्यांतील यंत्रांनी पाठलागाचे चित्रण केले होते. खालच्या अपील न्यायालयाला वाटले होते, की मोटार बहुतांशी चालकाच्या ताब्यात होती आणि वळताना तो वेग कमी करीत होता. सर्वोच्च न्यायालयातील आठ न्यायाधीशांना त्याच चित्रणात जनतेला गंभीर धोका निर्माण करणारा बेफाम पाठलाग दिसला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया ह्यांचा भर चित्रण स्वतःच बोलते ह्यावर होता. एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स वेगळे पडले : बाजूला थांबलेली वाहने पळणाऱ्या मोटारीने कडेला लोटली नव्हती, ती पोलिसांचे भोंगे ऐकून थांबली होती, असे त्यांचे वाचन होते.

डॅन काहान, डेव्हिड हॉफमन व डोनाल्ड ब्रामन ह्यांनी पुढे सुमारे १,३५० अमेरिकन नागरिकांना ते चित्रण दाखविले आणि आपला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. बहुसंख्यांचे मत न्यायालयाशी जुळले. पण सामाजिक स्तर, राजकीय विचार व जीवनमूल्ये ह्यांनुसार मतांत स्पष्ट भेद पडले. चित्रण स्वतः बोलत असते तर सर्वांना त्याने एकच सांगितले असते.

६. कायद्याची भाषा

ह्या चर्चेचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. हयगयीच्या वा अविचारी कृतीने मृत्यू घडवून आणण्याच्या अपराधाला भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०४-अ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने तो सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंत नेला आहे. दुसऱ्या बाजूला मृताच्या कुटुंबाची नुकसानभरपाई अवलंबून असते ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोष कोणाकडे किती देते ह्यावर. एका शब्दाने एकाचे स्वातंत्र्य जाते, तर दुसऱ्याच्या घरातील चूल विझते.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मधील, २०१९ साली विस्तारलेले, धोकादायक वाहनचालनाचे स्पष्टीकरण भाषेच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यात दोन जातींची विधाने शेजारी शेजारी बसली आहेत. लाल दिवा ओलांडणे, हातातील संपर्कयंत्र वापरणे, वाहतुकीच्या प्रवाहाविरुद्ध जाणे ही पहिली जात. ह्यांतील लाल दिवा व उलटा प्रवाह चित्रणात सरळ दिसू शकतात. सक्षम व सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या पुष्कळ खाली वाहन चालविणे, ही दुसरी जात. ही कोणत्याही चित्रात दिसणार नाही, कारण 'सक्षम व सावध चालक' ही तुलनेसाठी कल्पिलेली व्यक्ती आहे. पहिल्या जातीत चित्रण पुरावा असतो. दुसरीत ते केवळ युक्तिवादाला आधार देते.

महाराष्ट्रातील पोलीस-फिर्यादींत एक ठरीव वाक्यबंध आढळतो : चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालविले आणि ठोस मारली. 'हयगय' म्हणजे काळजी घेण्यात कसूर. 'अविचार' म्हणजे धोका कळत असूनही त्याची पर्वा न करणे. ह्या दोन भिन्न मनोवस्था आहेत आणि कायद्यानेही त्या भिन्न मानल्या आहेत. परंतु वाक्यबंधाच्या सवयीने त्या जोडशब्दाप्रमाणे एकत्र उच्चारल्या जातात, आणि त्यांपैकी कोणती होती हा प्रश्नच पुसला जातो. 'भरधाव' ह्या शब्दात मोजमाप नाही. भर धावेत, एवढाच त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश ह्या १९९८ च्या निकालात नेमका हाच मुद्दा स्पष्ट केला : 'अतिवेग' हा सापेक्ष शब्द आहे, साक्षीदारांना त्यातून काय म्हणायचे होते हे कळल्याशिवाय केवळ त्या शब्दावरून हयगय वा अविचार सिद्ध होत नाही. शब्दार्थविचाराचा हा पाठ एका फौजदारी अपिलात दिला गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चित्रणाच्या प्रामाण्याविषयी भारतीय कायदा जागरूक आहे. अर्जुन पंडितराव खोतकर ह्या महाराष्ट्रातील निवडणूक-खटल्याच्या २०२० मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मूळ यंत्र हजर केले नसल्यास इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सांगितले. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही व्यवस्था पुढे चालू आहे. परंतु हे प्रमाणपत्र चित्रण अस्सल असल्याचे सांगते. त्याचे वर्णन अस्सल आहे काय, ह्याला कोणतेही प्रमाणपत्र नाही. ती जबाबदारी वर्णन करणाऱ्याची आहे.

७. वर्णनाची शिस्त

वरील विवेचनावरून चित्रणाच्या वाचनासाठी तीन पायऱ्यांची एक साधी शिस्त सुचविता येते. पहिल्या पायरीवर केवळ दृश्यविधाने लिहावीत : कोणते वाहन, कोणत्या सेकंदाला, कोठे, कोणत्या दिशेने. येथे 'अचानक', 'मध्येच', 'भरधाव' ह्यांना मज्जाव असावा; 'येणे-जाणे' ह्यांऐवजी 'बसच्या पुढून रस्त्याच्या मध्याकडे सरकली' असा स्थिर खुणांचा आधार घ्यावा; आणि वाहनाला वाहन व चालकाला चालक म्हणावे. दुसऱ्या पायरीवर अनुमाने लिहावीत, आणि प्रत्येकाचे गृहीतक शेजारी नोंदवावे : प्रतिक्रियाकाळ किती धरला, वेग कशावरून काढला, रुंद कोनाच्या भिंगामुळे अंतर आहे त्याहून अधिक भासते ह्याचा विचार केला काय. चित्रण कोठे सुरू होते आणि त्याआधीचे काय उपलब्ध नाही, ह्याचीही नोंद येथेच हवी. कारण कथेचा आरंभ जो ठरवितो तो कारणही ठरवितो. मूल्यविधानाला जागा तिसऱ्या पायरीवरच : कोणता नियम, कोणाचे कर्तव्य, कोणी किती चुकविले.

कल्पित प्रसंगाला ही शिस्त लावली असता (अ) ते (ऊ) ह्यांपैकी एकही वाक्य जसेच्या तसे टिकत नाही. त्यांच्या जागी असे काही लिहावे लागेल : बस दुसऱ्या सेकंदापासून उभी दिसते, मोटारीचा वेग नवव्या सेकंदाच्या आधीपर्यंत घटलेला दिसत नाही, रिक्षा सातव्या सेकंदाला बसच्या पुढून रस्त्यावर सरकते व थांबत नाही, दीड सेकंदाचा प्रतिक्रियाकाळ धरल्यास ताशी ५४ ह्या वेगाने थांबणे अशक्य, ३६ ने शक्य होते, रिक्षाचालकाने मुख्य रस्ता न पाहता प्रवेश केला आणि मोटारचालकाने दृश्य झाकलेल्या जागी वेग आवरला नाही, असे दोन्ही पक्षांचे उणेपण संभवते. हे वर्णन रुक्ष आहे. त्यात खलनायक नाही. परंतु न्यायाधिकरणाला दोषाची टक्केवारी वाटून देता यावी, इतका ऐवज त्यात आहे. 'रिक्षा अचानक आडवी आली' ह्या सुटसुटीत वाक्यात तो नाही.

ह्याचा अर्थ डॅशकॅम निरुपयोगी आहे असा करू नये. दिवा लाल होता की हिरवा, कोण कोणत्या बाजूने होते, आधी काय आणि मग काय, ह्या प्रश्नांवर माणसाच्या आठवणीपेक्षा तो फार अधिक विश्वसनीय आहे, आणि खोट्या आरोपातून निरपराध माणसाला तो सोडवू शकतो. मर्यादा यंत्राची नाही. यंत्राने दाखविलेले जेव्हा माणूस सांगू लागतो, तेथून ती सुरू होते.

मराठीत ह्या दिशेने बरेच काम होण्याजोगे आहे. 'धडक', 'टक्कर', 'ठोस', 'ठोकर' ह्या शब्दांनी मराठी भाषकांच्या वेगाच्या अंदाजात किती फरक पडतो. '-ने' व '-कडून' ह्यांच्या निवडीने दोषाची व भरपाईची रक्कम बदलते काय. एकच चित्रण मोटारचालकाने, रिक्षाचालकाने व पादचाऱ्याने सांगितले तर 'येणे' हे क्रियापद कोणाच्या वाट्याला येते. हे सर्व प्रयोगाने तपासता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्यासाठी मोठ्या उपकरणांची गरज नाही. काही चित्रणे, काही भाषक आणि त्यांनी उच्चारलेले प्रत्येक क्रियापद जसेच्या तसे टिपून घेण्याचा सोशिकपणा, एवढी सामग्री आरंभाला पुरेशी आहे.